अर्जदाराने फोडू नये

१

सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तिसऱ्या काउंटरवरच्या बाईनं पाकीट परत केलं.

काचेखालच्या फटीतून तिनं ते बाहेर सरकवलं. मेलेली पाल शेपटीला धरून उचलावी तसं दोन बोटांच्या टोकांत धरून.

"हे फोडलेलं आहे," ती म्हणाली.

"शक्य नाही," वहिनी म्हणाली. "सील बघा. डॉक्टरांचा शिक्का जसाच्या तसा आहे."

"सील मी बघितलं. तुम्ही कडा बघा."

वहिनीनं पाकीट उलटसुलट केलं. तिच्या मागे उभ्या असलेल्या नणंदेनं, म्हणजे आत्यानं, मान पुढे काढली. पाकिटाच्या तोंडावरचं लाल सील शाबूत होतं. पण डावीकडची आखूड कडा कात्रीनं कापलेली होती. दोऱ्याइतकीच पट्टी काढून आतला मजकूर ओढला होता, परत घातला होता आणि कडा गोंदानं चिकटवून टाकली होती. काम सफाईदार होतं. हातात पाकिटं खेळवण्याची नोकरी नसती तर काउंटरवरच्या बाईलाही कळलं नसतं.

पाकिटावर दोन भाषांमध्ये ठळक छापलं होतं: अर्जदाराने फोडू नये.

आत वहिनीचा वैद्यकीय अहवाल होता. निवृत्त लोकांना कायमचं राहायला परवानगी देणारा एक देश होता. त्याची अट अशी की त्यांनी नेमलेल्या डॉक्टरनंच तपासायचं, अहवाल सीलबंद करायचा आणि तो काउंटरवरच फोडायचा, त्याआधी नाही. नवरा-बायकोची पाकिटं वेगळी. नवऱ्याचं पाकीट नीट होतं. बायकोचं फोडलेलं होतं.

अर्ज मुळात वहिनीचा होता. सरकारी इस्पितळात हेडनर्स म्हणून ती निवृत्त झाली होती आणि तिचं पेन्शन त्या देशाच्या अटीत बसत होतं. नवऱ्याचं, म्हणजे आत्याच्या दादाचं, बसत नव्हतं. म्हणून अर्जात तो 'अवलंबित' होता. एक तारखेपासून अट वाढणार होती आणि मग वहिनीचंही पेन्शन पुरणार नव्हतं. अर्ज घ्यायचा शेवटचा दिवस शुक्रवार.

"डॉक्टरांकडून नवीन अहवाल आणते," वहिनी म्हणाली. तिचा आवाज वॉर्डात रक्तस्राव सुरू झाल्यावर होई तसा झाला होता: एकदम सपाट. "शुक्रवारच्या आत."

"आणा. पण तेवढ्यानं भागणार नाही." बाईनं चष्मा वर केला. "सीलबंद कागद फोडला म्हणजे आत काही बदललंय असा संशय घेणं आम्हाला भाग आहे. कुणी फोडलं, का फोडलं, हे फोडणाऱ्याच्या सहीनं लेखी लागेल. नाहीतर दोघांचेही अर्ज कायमचे बंद."

"आणि लेखी दिलं तर?"

"अर्जदारानं स्वतः केलं नसेल तर अर्जदाराचा अर्ज चालेल. ज्यानं केलं त्याचं नाव अर्जात असेल, तर त्याचा चालणार नाही. पुढचा नंबर."

बाहेर पायऱ्यांवर वहिनी थांबली. तिनं पाकीट पर्समध्ये घातलं, चेन लावली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही जन्मभर जळलेली दुकानं बघितलीत. घरातलं हे जळकं कुणाचं, ते मला शोधून द्या. माझ्या हातून आज कुणाला तरी थप्पड बसणार आहे, ती चुकीच्या गालावर नको."

२

आत्या विमा कंपनीसाठी सर्व्हेअर होती. आग लागली की ती जाई. आग विझल्यावर, सगळ्यांची रडारड संपल्यावर. तिचा एक साधा हिशेब होता: आग कुठून लागली ते राख सांगते, मालक सांगतो ते कुठून लागायला हवी होती तेवढंच. या धंद्यात तिनं लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्याला ती विम्याचा अर्ज पुढे करी.

काउंटरवरून नाकारलेलं पाकीट आता नुसता कागद होता, त्यामुळे उघडायला हरकत नव्हती. घरी आल्यावर तिनं ते खिडकीच्या उजेडात धरलं. चिकटवलेल्या कडेवर तीन-चार निळे कण चमकले. नखानं खरवडलं तर एक कण नखावर आला.

चमकी. शाळेतली पोरं चित्रावर लावतात ती.

मग तिनं आतली तीन पानं काढली. वहिनीची तब्येत उत्तम होती. हृदय, फुप्फुसं, साखर, डोळे, सगळ्यासमोर एकच शेरा: योग्य. तळाला छापलं होतं, पानांना टाचणी किंवा पिन लावू नये, यंत्रातून जावी लागतात. तरी पानांच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात बारीक भोकं होती. दुसऱ्या पानाला दोन, तिसऱ्याला दोन. पहिल्याला एकच.

आत्यानं पानं पुन्हा मोजली, पुन्हा भोकं बघितली. पहिल्याला एकच होतं. तिला त्यातून काही कळलं नाही, आणि न कळलेल्या गोष्टीचा तिला नेहमीच राग येई.

दादा खिडकीशी त्याच्या टेबलावर शब्दकोडं सोडवत होता. टेबल म्हणजे त्याचं निवृत्तीनंतरचं ऑफिस. रिकामी वाळलेली डिंकाची बाटली, लोहचुंबकाच्या वाटीत टाचण्या, आणि परक्या भाषेची वाक्यं अर्थासकट लिहिलेली, टाचणी लावलेली कागदांची चवड. पालिकेच्या आवक विभागातून तो निवृत्त झाला होता आणि स्टेपलर या वस्तूला त्यानं आजवर घरात पाय ठेवू दिला नव्हता. आत्यानं ती चवड सहज उचलून चाळली. 'माझी बायको येईल.' 'कृपया माझ्या बायकोला विचारा.' 'माझी बायको स्वयंपाक चांगला करते.' सुंदर, वळणदार अक्षर.

"दादा, तुला तिथं पोचल्यावर स्वतःबद्दल काही बोलायचंय की नाही?"

"पुढच्या धड्यात आहे ते," दादा म्हणाला. मग पेन्सिलीचं टोक कोड्यावर ठेवून, "वाईट झालं गं पाकिटाचं. पण मी काय म्हणतो, सूनबाईला विचारलंस का?"

सून दारातच उभी होती. ऑफिसची बॅग अजून खांद्यावर होती.

"विचारा की," ती म्हणाली. "घरात काही हरवलं की सून. काही फुटलं की सून. विचारा."

३

आत्यानं तिला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"तू म्हणाली होतीस, 'बघतेच मी आई कशा जातात.' सगळ्यांसमोर."

"म्हणाले होते. अजूनही म्हणते." सुनेनं बॅग ओट्यावर आदळली. "आत्या, मी सकाळी साडेसातला घर सोडते. चिमणीला शाळेतून कोण आणतं? आई. ताप आला तर कोण बसतं? आई. मला आई हव्यात, आणि मला त्याची लाज वाटत नाही. पण मी भांडते ते तोंडावर. पाकीट कापायचं असतं तर त्यांच्यासमोर टराटरा फाडलं असतं."

आत्याला हे पटलं. उघड भांडणारी माणसं आग लावत नाहीत. त्यांची वाफ आधीच निघून गेलेली असते. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. तिनं नखावरचा निळा कण पुढे केला.

"हे काय?"

सुनेचा चेहरा पडला. "चिमणीच्या चमकीच्या गोंदाचं आहे. तिच्या शाळेच्या दप्तरातल्या."

"ते दप्तर कुणाच्या ताब्यात असतं?"

"माझ्या. रोज मीच भरते." तिचा आवाज चढला. "म्हणजे झालंच. आता फाशी द्या."

"फाशी नंतर. ती नळी शेवटची कधी बघितलीस?"

"शनिवारी दुपारी. टोपण उघडं टाकलेलं, सगळा गोंद तोंडाशी वाळलेला. चिमणीला दोन धपाटे घातले. तर म्हणे, 'मी नाही केलं, मी तर आजोळी होते.' मी म्हटलं, खोटं बोलू नकोस."

आत्या थांबली. "आणि होती का आजोळी?"

"होती," सून हळू म्हणाली. "आम्ही तिघंही होतो. शुक्रवारी दुपारी तिला शाळेतून आणलं, दप्तर इथं टाकलं आणि माझ्या आईकडे गेलो. शनिवारी दुपारी परत आलो. आल्या आल्या मला ती नळी दिसली." मग, "म्हणजे पोरीला मी उगाचच मारलं."

"हो," आत्या म्हणाली. "लहानांना खोटं ठरवायला आपण फार तत्पर असतो."

बाहेर वहिनीचा मुलगा सोफ्यावर बसून मोबाइलवर अंगठा फिरवत होता. सगळ्या नात्यात त्याचं नाव श्रावणबाळ पडलं होतं. आईला डॉक्टरकडे तोच घेऊन गेला, फोटो त्यानं काढून आणले, अर्जाची तारीखही त्यानंच मिळवली. आत्याला श्रावणबाळांचा भरवसा वाटत नसे. कावड खांद्यावर असली की ती कुठं ठेवायची हेही तेच ठरवतात.

"आईनं जावं असं तुला खरंच वाटतं?"

"खरं सांगू आत्या? नाही वाटत." त्यानं मोबाइल उलटा ठेवला. "एक वर्ष थांब म्हटलं मी तिला. ती म्हणाली, तुझ्या दहावीपासून मी एकेक वर्ष थांबतेय. मग काय बोलणार? गप गाडी काढली."

"पाकिटं ठेवलेलं कपाट कुणी कुणी उघडलं?"

"किल्ली आईच्या पर्समध्ये. हिनं शनिवारी दुपारी घेतली, चिमणीचं लसीकरणाचं कार्ड काढायला. मी रविवारी घेतली, फोटो ठेवायला. त्याआधी शुक्रवारी दिवसभर फाइल एजंटकडे होती, तपासायला. संध्याकाळी आई घेऊन आली. बस, एवढेच."

"एवढेच?"

"आणखी कोण असणार?"

आत्यानं मान हलवली. यादी पूर्ण वाटत होती. तरी काहीतरी खटकत होतं, जळक्या दुकानात सगळं मोजून झाल्यावर छताकडे बघायचं राहून जावं तसं.

४

एजंटचं ऑफिस एका जिन्याखाली होतं. भिंतीवर निळ्या समुद्राचे फोटो, आणि त्या समुद्रांखाली कागदांचे ढिगारे. वहिनीबरोबर त्याचं बरं नव्हतं. त्यानं भरलेल्या अर्जात तिनं दोनदा चुका काढल्या होत्या, आणि दुसऱ्यांदा त्याच्या बाकीच्या गिऱ्हाइकांसमोर.

"मी कशाला फोडू?" एजंट म्हणाला. "माझं नाव खराब होतं. आधीच तुमच्या वहिनी म्हणजे, माफ करा, पण... परीक्षा घ्यायला आल्यासारख्या येतात."

"म्हणूनच विचारते. राग होता तुम्हाला."

"राग होता म्हणून गिऱ्हाइकाची पाकिटं कापत बसलो तर दुकान नाही, शिवणकाम काढावं लागेल." त्यानं ढिगातून एक गठ्ठा ओढून तिच्यासमोर टाकला. "ही बघा त्यांची झेरॉक्सची प्रत. शुक्रवारी काय काय आलं, काय परत गेलं, त्यांनी स्वतः तपासून घेतलं. पाकिटं तर त्यांनी चारी बाजूंनी फिरवून बघितली माझ्यासमोर. जसं काही मी चोर."

"चारी बाजूंनी?"

"चारी बाजूंनी. नर्स आहेत त्या. सुईचं पाकीटसुद्धा बघून घेतात म्हणे."

म्हणजे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कडा शाबूत होती. आणि शनिवारी दुपारी, सून घरी येण्याआधी, गोंदाची नळी उघडी पडलेली होती. सुनेनं किल्ली घेतली ती त्यानंतर. मुलानं घेतली ती त्याच्याही नंतर. एजंट गेला, सून गेली, मुलगा गेला. यादी संपली, आणि यादीतलं कुणी उरलं नाही.

आत्यानं विचार करत करत गठ्ठा उचलला आणि "आई गं" म्हणून खाली ठेवला. बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब आला होता.

"सांभाळून," एजंट म्हणाला. "टाचणी आहे."

आत्या बोटाकडे बघत नव्हती. ती गठ्ठ्याकडे बघत होती. टाचणी वरून आत गेली होती, मागून वर आली होती आणि तिचं टोक पहिल्या पानातून बाहेर डोकावत होतं. सगळे अशीच लावतात. पहिल्या पानाला दोन भोकं, दुसऱ्याला दोन, शेवटच्याला दोन.

आजच घरी तिनं दुसराही एक गठ्ठा हातात धरला होता. टाचणीनंच लावलेला. बोटाला काही लागलं नव्हतं.

लहानपणी दादानं तिला शिकवलं होतं. नवीन नोकरी लागली होती त्याला, मोठा रुबाब होता. टाचणी मागून वर आणताना सगळ्यात वरचं पान सोडायचं, टोक पहिल्या आणि दुसऱ्या पानाच्या मध्ये लपवायचं. म्हणजे साहेबांच्या बोटाला लागत नाही. अशी टाचणी लावली की पहिल्या पानाला एकच भोक पडतं.

"पाणी देऊ का?" एजंटनं विचारलं. "चेहरा उतरला तुमचा."

"उतरला नाही," आत्या म्हणाली. "रागानं असा होतो."

कपाटाची किल्ली कुणी कुणी घेतली, असं तिनं विचारलं होतं. चुकीचं विचारलं होतं. त्या घरात एका माणसाला किल्ली मागावी लागत नव्हती, कारण दुसरी किल्ली त्याच्याकडेच होती, पहिल्यापासून. घरातल्या घड्याळासारखा तो सगळ्यांच्या समोर होता आणि कुणीही त्याला मोजलं नव्हतं. बहिणीनंसुद्धा.

५

तिनं वहिनीला आधी सांगायला हवं होतं, किंवा दादाला एकट्याला गाठायला हवं होतं. दोन्ही जमलं नाही. ती घरात शिरली तेव्हा दादा सुनेला सांगत होता, "झालं ते झालं. माणसानं कबूल करावं, मोकळं व्हावं." आणि सून डोळे पुसत चिमणीचं दप्तर आवरत होती.

"दादा," आत्या म्हणाली, "शनिवारी सकाळी वहिनी दवाखान्यात लोकांना फुकट तपासायला गेली होती. घरात कोण होतं?"

"मी होतो."

"आणि?"

"आणि कोण? मीच."

"डिंकाची बाटली कधीची वाळलीये तुझी?"

दादानं पेन्सिल खाली ठेवली. आत्यानं टेबलावर वहिनीच्या अहवालाची पानं ठेवली, कोपरा त्याच्याकडे करून. शेजारी त्याची परक्या भाषेची चवड ठेवली, टाचणी काढून. दोन्हींच्या पहिल्या पानाला एकेक भोक.

"वाऱ्यानं उडाली असती," दादा म्हणाला. "सुटी पानं होती."

बस, एवढंच. नाही म्हणायचं त्याला सुचलंही नाही. नोकरीतली सवय, कागद पुढे आला की तो मान्य करायचा.

वहिनी आतल्या खोलीच्या दारात होती. कधीपासून, कुणाला माहीत नाही.

"का फोडलंत?" तिनं विचारलं.

"का म्हणजे?" दादाला खरोखर आश्चर्य वाटलं होतं. "घरातलं टपाल मीच फोडतो."

आणि ते खरं होतं. लग्न झाल्यापासून त्या घरात आलेलं प्रत्येक पाकीट दादानं फोडलं होतं. वहिनीच्या बढतीचं पत्र. तिच्या आईची पत्रं. तिच्या मैत्रिणींची. डाव्या कडेनं बारीक कापायचं, वाचायचं, टाचणी लावायची आणि मग ज्याचं त्याला द्यायचं. कुणी कधी हरकत घेतली नव्हती. दार घराला असतं तसा तो टपालाला होता.

"त्यावर लिहिलं होतं, फोडू नये."

"अर्जदारानं. मी कुठं अर्जदार? मी अवलंबित."

मुलगा हसला, आणि कुणीच हसत नाही हे बघून थांबला.

"आणि तुमचं पाकीट?" वहिनीनं विचारलं. "ते का नाही फोडलंत?"

दादानं टाचण्यांची वाटी जवळ ओढली.

"मी विचारतेय. दोन पाकिटं होती. कपाटात एकावर एक. तुम्हाला स्वतःच्या तब्येतीची काळजी असती तर तुमचं फोडलं असतंत. माझंच का?"

"अगं, मला बघायचं होतं." तो आता समजावणीच्या सुरात आला. "परका देश. ओळखीचं कुणी नाही. तिथं तुला काही झालं तर माझं काय? मला साधा चहा येत नाही. म्हटलं, आधी बघून घ्यावं, तुझं सगळं ठीक आहे का. चार-पाच वर्षं तरी तू... म्हणजे नीट आहेस का. ठीक निघालं सगळं. मला इतका आनंद झाला. म्हणून तर परत चिकटवलं."

"नसतं निघालं तर?"

"तर मग कशाला जायचं?"

वहिनीनं टेबलावरची पानं उचलली, जुळवली आणि एका हातात धरली.

"गाय घेताना दात बघतात," ती म्हणाली. "तसं बघितलंत."

"काहीतरी बोलू नकोस."

"आयुष्यभर मी घंटेवर उठले. वॉर्डातली घंटा, दारावरची घंटा, तुमची हाक. तिकडे एक खोली शोधली होती, समुद्राकडे खिडकी असलेली. का, माहितीये? तिथं मला सिस्टर म्हणणारं कुणी नाही, आजी म्हणणारं कुणी नाही. 'अगं' म्हणणारा एक तेवढा बरोबर येणार होता. म्हटलं, असू दे, एकाला काय होतंय." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तो एक माझ्याआधी तिथं जाऊन घंटा बांधून आला."

मग ती सुनेकडे वळली. "तुझ्यावर आळ आला आणि हे बसून कोडं सोडवत होते. मीही ऐकून घेतलं. ते माझं चुकलं."

सुनेनं दप्तराची चेन लावली आणि सासूच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

आत्यानं दादाला काउंटरवरची अट सांगितली. शब्दाला शब्द, काही न वगळता.

"म्हणजे मी लिहून दिलं तर मला नेणार नाहीत," दादा म्हणाला.

"नाही नेणार."

"आणि नाही दिलं तर?"

"तर वहिनीला नेणार नाहीत. कायमचं."

दादानं पेन्सिल उचलली आणि शब्दकोड्याची घडी पुढे ओढली.

"बघू," तो म्हणाला.

आत्यानं ती घडी त्याच्या हातून काढून घेतली, फाडली नाही, नुसती काढून घेतली, आणि स्वतःच्या पिशवीत घातली. भावाला मारता येत नव्हतं, तेव्हा तेवढंच जमण्यासारखं होतं.

६

गुरुवारी डॉक्टरांनी नवीन अहवाल दिला. वहिनीनं पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि पर्स अंघोळीलाही बरोबर नेली. त्या दिवसांत ती दादाशी एक शब्द बोलली नाही. चहा होत होता, पण टेबलावर येत नव्हता. दादानं स्वयंपाकघरात जाऊन पातेली उघडून बघितली, झाकली आणि परत येऊन बसला.

शुक्रवारी सकाळी टेबलावर एक पाकीट होतं. चारी कडा शाबूत, ताज्या डिंकानं बंद केलेलं. वर त्याच सुंदर अक्षरात काउंटरच्या कार्यालयाचा पत्ता. दादा फिरायला निघून गेला होता.

"उघडा ना, आई," सून म्हणाली. "आत कोरा कागद असला तर? उलटंच काही लिहिलं असलं तर? 'बायकोनंच फोडायला सांगितलं' असं लिहिलं असलं तर?"

"हे वाफेवर धरते," आत्या म्हणाली. "कळणारसुद्धा नाही कुणाला. मला येतं."

ती खरोखर उठली होती. तिला आतलं जाणून घ्यायचं होतं, आणि भावावर तिचा काडीचा विश्वास उरला नव्हता.

वहिनीनं पाकीट तिच्या हातून काढून घेतलं.

"पत्ता माझा नाही," ती म्हणाली.

"वहिनी, सगळं त्यावर आहे."

"माहितीये. तरीही पत्ता माझा नाही." तिनं ते पर्समध्ये ठेवलं, स्वतःच्या सीलबंद पाकिटाशेजारी. मग थोडं थांबून दादाचंही सीलबंद पाकीट उचललं आणि तेही ठेवलं. "त्यांचं नाव मी खोडणार नाही. खोडायचं तर त्यांनीच खोडलेलं असेल. नसेल तर माझंही गेलं."

तिसऱ्या काउंटरवर तीच बाई होती. तिनं वहिनीचं पाकीट घेतलं, सील बघितलं, चारी कडांवरून अंगठा फिरवला. दादाचं बघितलं. मग तिसरं बघितलं.

"हे?"

"तुम्ही मागितलेलं पत्र. फोडणाऱ्याच्या हातचं."

"तुम्ही वाचलंय?"

"नाही."

बाईनं मान वर करून तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. मग तिनं पाकीट फोडलं. दोन पानं होती, टाचणीनं लावलेली. काचेच्या पलीकडून आत्याला मजकूर दिसत नव्हता. पानांची पाठ दिसत होती, आणि पाठीमागून उमटलेल्या ओळी. कोरं तरी नव्हतं. बाईनं पहिलं पान वाचलं, उलटलं, दुसरं वाचलं, आणि पहिल्यावर परत आली. टाचणी तिच्या बोटाला लागली नाही. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

"बसा," ती म्हणाली. "साहेबांना दाखवावं लागेल."

बारा वाजून दहा मिनिटांनी ती तिन्ही पाकिटं घेऊन आतल्या दारानं गेली. वहिनी बाकावर बसली, पर्स मांडीवर, चेन उघडीच. आत्या तिच्याशेजारी बसली.

काउंटर एक वाजता बंद होतो. पावणेएक वाजता बाईची खुर्ची अजून रिकामी होती.